रिती बार्ज

पूल लागला की मशीन मरतं.
आधी वाटलं, पुलाचाच दोष.
खेळात बर्फ पडत असतो, कृपेश पुढे, मी मागे,
हेडफोनात त्याचा श्वास
आणि जेनोआच्या बंदरातला कसलातरी भोंगा.
मी पहिल्या फळीवर पाय ठेवते
आणि काळोख.
पंखे तेवढे फिरत राहतात,
पाहुणे उठून गेलेल्या खोलीत फिरावेत तसे.

कार्ड त्यानेच पाठवलेलं.
सात महिने बोटीवर टॉवेलांचे हंस घडी घालून
कमावलेलं, तीन पंख्यांचं, विटेएवढं जड.
कॅबिनेटात मावेना, तेव्हा हार्ड डिस्कचा पिंजरा
बाबांच्या करवतीने कापला.
कुरकुर नको म्हणून आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

मग मी सगळं केलं.
सेफ मोडमध्ये जाऊन जुने ड्रायव्हर मुळासकट उपटले,
नवे घातले, मग त्यांच्या आधीचे, मग त्यांच्याही आधीचे.
रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या,
एक काढून पाहिली, मग दुसरी.
तापमान चौसष्ट. म्हणजे ताप नाही.
खेळ पुसून पुन्हा उतरवला, ब्याण्णव जीबी,
चार रात्री लागल्या, कारण आमच्या कुडचड्यात
वीज आणि नेट पाळी लावून जातात.
नोंदींत दर वेळी एकच ओळ:
संगणक अनपेक्षितपणे बंद झाला.
ते मलाही दिसलं होतं.

मडगावचा जुवांव म्हणाला, कार्डच खराब, परत पाठव.
कुठे पाठवू? दादाची बोट बार्सिलोनाच्या वाटेवर.

आणि एरवी कसलीच तक्रार नाही.
कॉलेजचा प्रोजेक्ट, वीजबिल, आईचा पत्त्यांचा डाव,
दिवसभर गुणी.
एकदा फ्रेम साठवर बांधून ठेवल्या
तर पुलाच्या मध्यापर्यंत गेले.
का, ते कळलं नाही. नुसती उभी राहिले, खाली बघत.
मग काळोख.

बाबा दारात कधीचे उभे होते.
सत्तावीस वर्षं बार्जचं इंजिन सांभाळलं त्यांनी,
सावर्ड्याच्या धक्क्यापासून मुरगावपर्यंत;
खाणी थांबल्यापासून घरात जे सापडेल ते उघडतात.
मिक्सर. पंप. शेजारच्या फिलुची इस्त्री, तीनदा.

"रितें आसतना चलता?"
चलता.
"भरलें काय मरता?"
हय.
"मागीर इंजिनाक कित्याक गाळी?
डिझेल खंयच्यान येता तें पळय."

मागे, तांबड्या धुळीच्या सायीखाली
लोखंडी डबा. बोटाने पुसल्यावर स्टिकर:
चारशे पन्नास वॅट.
दादा दहावीत होता तेव्हाचा.
माझ्या यादीत तो नव्हताच.
कार्डाला दोन तोंडं, आणि दोन्ही तोंडांत
एकाच वायरीच्या दोन फांद्या मीच खुपसलेल्या.

साडेसातशेचा आणला, जुवांवकडूनच.
बिल करताना त्याने मान वर केली नाही.
दोन तोंडांना दोन वेगळ्या वायरी.
बाबांनी जुना डबा उघडायला घेतला, मी ओरडले,
प्लग काढला तरी आत वीज उरते, हात लावू नका!
"म्हाका सांगता गो?" म्हणाले,
आणि स्क्रू एकेक करून वाटीत ठेवत राहिले.

रात्री पूल ओलांडला.
फळ्या करकरल्या, बर्फ पडला, काहीही मेलं नाही.
पलीकडे एक झोपडी, एक बकरी.
"इतलेंच?" बाबा मागून.
इतलेंच.

दादाच्या नावापुढचा दिवा राखाडी.
बोट समुद्रात असली की नेट महाग, रविवारी येईल.
बाहेर पडायचं बटण मी दाबलं नाही.
मशाल धरून पुलाच्या या टोकाला उभी आहे,
पंखे फिरताहेत,
बकरी मधूनमधून माझ्याकडे बघते.